शिशाआडचा डोळा

खालच्या पापणीच्या कडेला मसुरीएवढा एक मणी उगवतो. वर मोत्यासारखी चकाकी, मधोमध बारीक खपली. महिनोन् महिने तो तसाच असतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मग एके दिवशी तोंड पुसताना पंच्यावर रक्ताचा ठिपका दिसतो आणि माणूस डॉक्टरकडे जातो. या दुखण्याचं नाव बेसल सेल कार्सिनोमा. जुन्या पुस्तकांत त्याला ‘रोडंट अल्सर’ म्हणत, म्हणजे उंदराने कुरतडावी तशी जखम. हा कॅन्सर सहसा अंगभर पसरत नाही, पण आहे तिथलं खात राहतो. खालची पापणी आणि डोळ्याचा नाकाकडचा कोपरा या त्याच्या ठरलेल्या जागा. पहिला उपाय शस्त्रक्रियेचाच. पण जिथे पापणीच काढावी लागेल, अश्रुनलिका तुटेल किंवा रुग्णाचं वय भूल सोसणार नाही, तिथे क्ष-किरणांचा उपचार शंभराहून अधिक वर्षं चालत आला आहे. घरची माणसं त्याला ‘लाईट’ म्हणतात, कुणी ‘शेक’ म्हणतात.

शेक द्यायचा पापणीला आणि पापणीच्या मागे डोळा. म्हणून डोळ्यात शील्ड बसवतात. हे काम एकदा जवळून बघण्यासारखं असतं. आधी बधिर करणारे थेंब. ते थोडे झोंबतात. मिनिटभराने डोळ्याला काही कळेनासं होतं. शील्ड दिसते कॉन्टॅक्ट लेन्ससारखी, पण चांगली जाड आणि हाताला जड. आत शिसं, वरून प्लास्टिकचं किंवा मेणाचं कवच. आतल्या खोलगट बाजूला मलम लावायचं, रुग्णाला खाली बघायला सांगून वरची पापणी उचलायची, शील्ड वर सरकवायची, मग वर बघायला सांगून खालची पापणी तिच्यावर आणायची. रुग्णाला दुसऱ्या डोळ्याने छतावरच्या एका खुणेकडे बघत राहायला सांगतात. कारण पापणी मिटली की बुबुळ आपोआप वर वळतं, आणि शील्ड मात्र पापणीच्या खाचेत जागच्या जागी असते. म्हणजे झाकणाखालची वस्तूच सरकते. पुढे यंत्राची शंकूसारखी नळी पापणीला टेकते, दोन-तीन मिनिटं घरघर होते आणि संपतं. शील्ड काढल्यावर काही तास डोळ्यावर पट्टी, कारण बधिर डोळ्यात कचरा गेला तरी समजत नाही.

या सगळ्या खटपटीत रुग्णाला एक वाक्य हमखास ऐकू येतं : “डोळ्यावर शिसं आहे, काळजी करू नका.” ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. शिशाआडच्या डोळ्याला किरण लागतातच. किती लागतात, कुठून येतात, कसे मोजायचे आणि लागले तर काय होतं, या चार प्रश्नांवर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे हाती आलं त्याचा हा आढावा.

आधी, काय होतं ते. डोळ्यातला किरणांना सगळ्यांत हळवा भाग म्हणजे भिंग. पडदा किंवा दृष्टिचेता बऱ्यापैकी सोशिक. १९९१ साली इमामी आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या अवयवांची सहनशक्ती मांडणारा तक्ता प्रसिद्ध केला, तो आजही किरणोपचाराच्या खोलीत तोंडपाठ असतो. पाच वर्षांत शंभरातल्या पाच जणांना इजा होईल असा डोस त्यात पडद्यासाठी ४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), दृष्टिचेतेसाठी ५० ग्रे आणि भिंगासाठी फक्त १० ग्रे आहे. भिंगाची अडचण अशी की त्याला रक्तपुरवठा नाही आणि त्याच्या पेशी कातडीसारख्या झडून जात नाहीत. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. त्याच्या कडेच्या पट्ट्यात नव्या पेशी जन्मभर तयार होत राहतात आणि तिथून लांबट होत आत जातात. किरणांनी या पेशी बिघडल्या की त्या नीट घडत नाहीत, मागे सरकत जातात आणि भिंगाच्या मागच्या पापुद्र्याखाली गोळा होतात. म्हणून किरणांचा मोतीबिंदू बहुधा मागच्या बाजूला, बरोबर नजरेच्या वाटेत धरतो. रुग्णाची पहिली तक्रार असते ती रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांची आणि वर्तमानपत्र वाचण्याची. हे व्हायला बहुतेकदा दोन-तीन वर्षं लागतात, आणि डोस कमी असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

किती डोसला मोतीबिंदू होतो, याचा इतिहास म्हणजे सतत खाली येत गेलेल्या एका आकड्याचा इतिहास आहे. १९४९ मध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या : अमेरिकेत सायक्लोट्रॉनवर काम करणाऱ्या तरुण भौतिकशास्त्रज्ञांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसले, आणि हिरोशिमात वाचलेल्यांच्या डोळ्यांतही. १९५७ मध्ये मेरियम आणि फोश्ट या दोघांनी किरणोपचार झालेल्या रुग्णांचे डोळे तपासून डोसचा हिशेब मांडला. एकाच बैठकीत दिला तर २ ग्रे, तीन आठवडे ते तीन महिन्यांत विभागून दिला तर ४ ग्रे, त्याहून लांबवला तर ५.५ ग्रे, त्यांच्या रुग्णांत याच्या खाली मोतीबिंदू सापडला नाही. पुढची कित्येक दशकं किरणोपचाराची दुनिया या तीन आकड्यांवर चालली. विभागून दिलं की डोळा वाचतो, हा दिलासा त्यातूनच आला.

त्या दिलाशाला तडे गेले ते मुलांच्या अभ्यासांमुळे. न्यू यॉर्कमध्ये १९४० ते १९५९ या काळात डोक्यातल्या गजकर्णासाठी सुमारे २२०० मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडले होते. किरणांचा रोख केसांवर होता, डोळे रोखाबाहेर. तरी पुढे तपासलं तेव्हा त्यांच्या भिंगांत मागच्या बाजूला धूसर ठिपके इतरांपेक्षा जास्त सापडले. स्वीडनमध्ये तान्ह्या मुलांच्या त्वचेवरच्या लाल मसांवर रेडियम लावत. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचे डोळे तपासले गेले आणि १९९९ साली निष्कर्ष आला. भिंगाला सरासरी डोस अर्ध्या ग्रेहूनही कमी, तरी धूसरपणा डोसबरोबर वाढत गेलेला. ही उदाहरणं कॅन्सरची नाहीत हे खरं. पण ‘डोळ्यावर रोख नव्हता’ या वाक्याची किंमत ती दाखवतात.

शेवटी एप्रिल २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, उंबरठा बदलला. पूर्वी नजर अधू करणाऱ्या मोतीबिंदूसाठी एकदम दिल्यास ५ ग्रे आणि विभागून दिल्यास ८ ग्रेहून जास्त असं धरत. आता दोन्हीसाठी अर्धा ग्रे. किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या डोळ्यासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्टची मर्यादा होती, ती पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणली. ही मर्यादा कामगारांची आहे, रुग्णांची नाही; रुग्णाला डोस मुद्दाम, फायद्यासाठी दिलेला असतो. आणि अर्धा ग्रे म्हणजे तिथे प्रत्येकाला मोतीबिंदू होतो असं नव्हे. वीस वर्षांहून जास्त काळात शंभरातल्या एकाला होईल, असा तो अंदाज आहे. हे दोन खुलासे सोडून जे लोक ‘अर्ध्या ग्रेने आंधळेपण’ असं लिहितात, ते रुग्णाला विनाकारण घाबरवतात.

आता गणित करून बघा. पापणीच्या कॅन्सरला देण्याची एक रूढ पद्धत म्हणजे ३५ ग्रे पाच बैठकांत. म्हणजे रोज ७ ग्रे. शील्ड नसती तर भिंगाला त्यातले ३० ग्रेच्या आसपास लागले असते आणि मोतीबिंदू ठरलेलाच होता. शील्डमागे समजा पाच टक्के पोचले तर होतात पावणेदोन ग्रे. दहा टक्के पोचले तर साडेतीन. मेरियम-फोश्टच्या तक्त्यात पहिला आकडा सुरक्षित बसतो; दुसरा एका बैठकीच्या २ ग्रेच्या वर, पण विभागून दिलेल्या ४ ग्रेच्या आत राहतो. आयसीआरपीच्या नव्या उंबरठ्याच्या दोन्ही वर जातात. शील्डने दहापट काम केलं यात शंका नाही. पण उरलेला दहावा हिस्सा आता दुर्लक्ष करण्याजोगा राहिला नाही, आणि म्हणूनच तो कुठून येतो हे बघायला हवं.

बहुतेकांना वाटतं, शिशातून झिरपत असेल. उपचाराच्या खालच्या ऊर्जांना तसं होत नाही. संरक्षक भिंतींच्या हिशेबाच्या तक्त्यांनुसार १०० किलोव्होल्टच्या किरणांचा दहावा भाग उरवायला ०.८८ मिलिमीटर शिसं पुरतं. दोन मिलिमीटरमधून शंभरातला एक भागही पार होत नाही. १५० किलोव्होल्टला हाच आकडा ०.९९, जवळपास तेवढाच, कारण ८८ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे शिशाची किरण गिळण्याची ताकद एकदम उसळी मारते. त्यानंतर मात्र चित्र पालटतं. २०० ला १.६८, २५० ला २.९, ३०० किलोव्होल्टला ४.८ मिलिमीटर. पापणीखाली मावणारं शिसं दोन मिलिमीटरच्या आसपासच असतं. म्हणजे १०० ला जे छप्पर पक्कं, ते ३०० ला गळकं. यंत्र बदललं आणि शील्ड तीच राहिली, की चूक इथे होते.

तरी खालच्या ऊर्जेला, पक्क्या छपराखालीही डोळा भिजतो. कोकणात पावसाळ्यात पडवीत बसलेला माणूस छपरातून भिजत नाही, झडीने भिजतो. शिशाआडच्या डोळ्याचं तेच होतं. शील्डच्या कडेबाहेर पापणीवर, गालावर, नाकावर पडलेले किरण आतल्या ऊतींवर आपटून दाही दिशांना विखुरतात आणि त्यातले काही शिशाच्या कडेखालून आत शिरतात. ही झड किती मोठी असते? १०० किलोव्होल्टच्या आसपास पाच सेंटिमीटरच्या क्षेत्रात कातडीवर जो डोस मोजला जातो, त्यातला जवळपास पाचवा भाग खालून परत उसळलेला असतो. विखुरण इतकं जोरदार असल्यावर शिशाची जाडी वाढवून उपयोग नाही. पडवीवर दुहेरी कौलं घातली म्हणून झड थांबत नाही. त्यासाठी वळचण पुढे काढावी लागते.

या विषयावरच्या मोजमापांचं सार यात आलं. शील्डचा व्यास जेवढा मोठा, तेवढी भिंगाची सावली दाट. किरणक्षेत्र जेवढं लहान, तेवढी झड कमी. म्हणून पापणीवर आणखी एक शिशाचा पत्रा हवा तेवढ्याच आकाराचं भोक पाडून ठेवतात. शील्ड डोळ्याच्या जेवढी जवळ, तेवढं बरं. मिटल्या पापणीवर बाहेरून ठेवलेली चकती भिंगापासून लांब राहते आणि मधल्या जागेत झड शिरते. शील्डच्या मागे जसजसं खोल जावं तसतसा डोस आधी वाढतो आणि मग उतरतो. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. पण शिशाला चिकटून असलेला भाग सर्वांत सुरक्षित, आणि काही मिलिमीटर खाली कडेची झड पोचते. भिंग नेमकं तिथे, बुबुळाच्या पुढच्या पृष्ठापासून तीनेक मिलिमीटरवर सुरू होतं. त्यामुळे शील्डच्या पाठीला चिकटवलेल्या मोजणीवरून भिंगाचा डोस सांगणारा माणूस तो कमीच सांगतो.

याच शिशाचा एक उलटा परिणामही आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऊतींमधून परत उसळणारा जो भाग पापणीतल्या कॅन्सरला मिळायचा, तो शिसं अडवतं. म्हणजे शील्ड लावल्यावर गाठीला ठरवल्यापेक्षा कमी डोस पडतो. हिशेबात ती घट भरून काढली नाही, तर डोळा वाचवताना कॅन्सरला सूट मिळते. शिवाय शिशाच्या पृष्ठभागातून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते एखाद्या मिलिमीटरच्या अंशातच विरतात, पण पापणीची आतली ओली त्वचा तिथेच टेकलेली असते. शील्डवरचं मेणाचं किंवा प्लास्टिकचं कवच शोभेसाठी नसतं, त्यासाठी असतं. कवचाला तडा गेला की शील्ड बाद करायला हवी. त्याच तड्यात जंतूही बसतात आणि धार बुबुळाला ओरखडते.

मोजायचं कसं, यात तर खरी मेख आहे. जिवंत डोळ्याच्या भिंगात मोजणीयंत्र घालता येत नाही. म्हणून मेणाचं किंवा पाण्यासारख्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं डोकं करतात, त्यात शील्ड बसवतात आणि पट्ट्यांमधे फिल्म ठेवतात. रेडिओक्रोमिक फिल्म मुळात फिकट पिवळसर असते, किरण लागले तिथे गडद होते. वरच्या फिल्मवर गडद रंगात मधोमध स्वच्छ फिकट चकती उमटते. पुढच्या फिल्मवर तिची कड विरघळलेली असते. आणखी खालच्या फिल्मवर चकतीचा मध्यही मळलेला दिसतो. शिशाखाली झड शिरते म्हणजे काय, हे कुठल्याही समीकरणापेक्षा त्या तीन-चार फिल्म एकाशेजारी एक मांडल्या की कळतं.

दुसरं साधन म्हणजे टीएलडी : किरण लागल्यावर ऊर्जा साठवून ठेवणारे आणि तापवल्यावर तेवढाच उजेड देणारे स्फटिक. लिथियम फ्लोराइडची चिप तीन मिलिमीटर चौरस, जाडी मिलिमीटरभर. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची टीएलडी तर आपल्याकडच्या एक्स-रे विभागातल्या कुणाच्याही छातीवर बॅज म्हणून लटकलेली दिसते. दोघांनाही एक खोड आहे. तीसेक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मवाळ किरणांना लिथियम फ्लोराइड तीस-चाळीस टक्के जास्त आकडा दाखवतं. कॅल्शियम सल्फेट तर कित्येक पट. शील्डमागे पोचणारे किरण विखुरून आलेले, म्हणून मूळ झोतापेक्षा वेगळ्या ऊर्जांचे असतात. झोतात प्रमाणित केलेल्या चिपने सावलीतला डोस मोजला की चूक घरातच असते. एकाच शील्डबद्दल दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं साधं आहे : दोघांनी मोजलेली खोली आणि क्षेत्र वेगळं असतं. टक्केवारी वाचताना कुठल्या खोलीवर आणि केवढ्या क्षेत्रात, हे न लिहिलेला आकडा मी तरी बाजूला ठेवतो. संगणकावर एकेका किरणाचा प्रवास नशिबावर सोडून कोट्यवधी वेळा खेळवण्याची माँटे कार्लो पद्धत आता या कामी सर्रास येते, आणि तिने झडीचाच कौल दिला आहे.

हे सगळं झालं कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचं. आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत आज मुख्य काम कोबाल्ट यंत्रं आणि लिनॅक, म्हणजे रेषीय त्वरणयंत्रं, करतात. भाभा केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र खारघरच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात पहिल्यांदा बसवलं गेलं. कोबाल्टच्या गॅमा किरणांचा निम्मा भाग अडवायलाच १२ मिलिमीटर शिसं लागतं. अडवणं म्हणावं इतकं अडवायचं तर पाच-सहा सेंटिमीटरचा ठोकळा, आणि तो डोळ्यात नव्हे, झोताच्या वाटेत ट्रेवर. इथे पापणीखाली शिशाचा तुकडा घालणं निरुपयोगी. आणि ठोकळ्याच्या सावलीलाही किंमत असते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये लहान मुलांच्या अख्ख्या मेंदूला किरण देताना डोळ्यावरची सावली जरा मोठी झाली, तर नाकाच्या मुळाशी असलेली चाळणीसारखी हाडाची पट्टी आणि पडद्याचा मागचा भाग उपाशी राहतो, आणि रोग तिथूनच उलटू शकतो. भिंग वाचवण्यात मूल गमावणं हा कुणालाही परवडणारा सौदा नाही.

लिनॅकच्या इलेक्ट्रॉन झोताने पापणीवर उपचार करतात तेव्हाची गल्लत जास्त धोक्याची. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या गटाने १९९६ साली दाखवलं, की क्ष-किरणांसाठी बनवलेली १.७ मिलिमीटर शिशाची शील्ड इलेक्ट्रॉनांपुढे अपुरी पडते. त्यासाठी टंगस्टन हवं. ते शिशाहून कितीतरी घन. ३ मिलिमीटर टंगस्टन ९ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत भागवतं. शिशावरून मागे उसळणारे इलेक्ट्रॉन पापणीच्या आतल्या अंगाचा डोस तीस ते सत्तर टक्क्यांनी वाढवू शकतात, म्हणून तिथे कवच अधिकच जाड लागतं. दोन्ही शील्ड दिसायला सारख्या. एकाच कपाटात, एकाच डबीत त्या ठेवू नयेत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

आता मोतीबिंदू झालाच तर? आज तो काढता येतो, आणि म्हणून कित्येक डॉक्टर या विषयाकडे हात झटकतात. मला ते अर्धंच पटतं. पापणीला पूर्ण डोस दिलेल्या डोळ्यात अश्रू कमी झालेले असतात, पापणीचे केस गेलेले असतात, वरच्या पापणीची आतली त्वचा खरखरीत होऊन बुबुळाला घासत असते. अशा कोरड्या डोळ्यावरची शस्त्रक्रिया शेजाऱ्याच्या मोतीबिंदूसारखी सरळ नसते. ही हानी कुठलीच शील्ड टाळू शकत नाही, कारण ती ज्या पापणीची आहे तिलाच तर किरण द्यायचे आहेत. दुसऱ्या बाजूला, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या भिंगात पावणेदोन ग्रेने दहा वर्षांनी काय होईल, याची चिंता करून पापणीवरचा कॅन्सर अर्धवट सोडणं शहाणपणाचं नाही. रुग्णाचं वय, दुसऱ्या डोळ्याची नजर आणि तोच डोळा एकुलता तर नाही ना, यावर उत्तर बदलतं. लहान मुलाच्या बाबतीत मात्र प्रत्येक दशांश ग्रेसाठी भांडायला हवं.

एक गोष्ट सहज सुधारता येईल. लिनॅकच्या संगणकी आराखड्यात भिंगाचा डोस आपोआप छापून येतो, भले झोताबाहेरचा तो आकडा थोडा कमीच का असेना. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा हिशेब मात्र अजून बहुधा तक्ता आणि कॅल्क्युलेटरवर होतो, आणि त्या कागदावर भिंगाची ओळच नसते. ‘आय-शील्ड वापरली’ एवढी नोंद असते. कुठल्या धातूची, केवढी, किती किलोव्होल्टला, हे पाच वर्षांनी मोतीबिंदू तपासणाऱ्या डॉक्टरला कसं कळणार? तेव्हा घरात कुणाचा पापणीजवळ ‘लाईट’चा उपचार चालू असेल, तर किरणोपचार विभागातल्या फिजिसिस्टला भेटा आणि भिंगाला अंदाजे किती ग्रे लागतील ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. ते कार्ड घेऊन पुढे दरवर्षी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली भिंगाची मागची बाजू बघायला सांगा.